चादरीचा खरा रंग

सुचेता दातार भिवंडीत कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवून द्यायची. १९९८ साली तिने निगेटिव्ह आणि स्लाइड स्कॅन करायचं मशीन घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात निजामपुऱ्यातून खुर्शीदआपा आल्या. चाळिशीच्या, भावाबरोबर लूमचा कारखाना सांभाळणाऱ्या. त्यांनी रुमालातून एकच स्लाइड काढली.

"अब्बांनी हातमागावर विणलेली चादर. तीस वर्षांपूर्वीचा फोटो आहे. चादर राहिली नाही, पण मला ती परत विणायचीय. मोठा प्रिंट दे, नक्षी नीट दिसली पाहिजे."

मशीन घरघरलं आणि चित्र वरून खाली हळूहळू उलगडत गेलं. दोन्ही हातांवर चादर पसरून अब्बा उभे होते. काठावरची रेघ न् रेघ मोजता येत होती.

"वांगी रंग सुंदर आहे," सुचेता म्हणाली.

"भाईजान वांगीच सांगतात. मी आठ वर्षांची होते, मला काय आठवणार?"

"अब्बा गुलाबी सदरा घालायचे?"

"छे ग! आयुष्यभर पांढरा."

सुचेताचा हात माउसवरच थांबला. सदरा तर चक्क गुलाबी दिसत होता. मग बाकीचे रंग तरी खरे कशावरून? जुन्या फिल्मवर लाली चढते, असं तिने मशीनच्या पुस्तकात वाचलं होतं. तिने सदऱ्यावर क्लिक करून कॉम्प्युटरला सांगितलं, हा पांढरा समज. लाली गेली आणि चादर हिरवी झाली!

खुर्शीदआपा खुर्चीतून उठल्याच. पडद्याजवळ जाऊन म्हणाल्या, "थांब. अम्मी सदऱ्यांना नीळ फार घालायची. शेजारणी हसायच्या. अगदी पांढरा नव्हता तो."

सुचेताने चित्रात किंचित निळा वाढवला. हिरवा मोरपंखीकडे झुकला.

"अजून घालू नीळ?"

"बस, बस. एवढीच असायची."

दुसऱ्या दिवशी प्रिंट हातात धरून त्यांचे भाऊ मोहिउद्दीनभाईच दुकानात आले, मागोमाग खुर्शीदआपा. "मशीन काय, सांगाल तो रंग दाखवेल. मी ही स्लाइड शंभरदा उजेडाला धरून बघितलीय. वांगीच आहे."

"स्लाइड बघितलीत, भाईजान," सुचेता म्हणाली. "पण चादर? ती विणत होते तेव्हा तुम्ही होतात?"

"होतो ना. बारा वर्षांचा होतो. सूत अब्बा स्वतः रंगवायचे. जेवायला बसले की अम्मी ओरडायची, पुन्हा हिरवी नखं घेऊन..."

ते बोलता बोलता थांबले.

सुचेताने पडद्यावर अब्बांचा अंगठा मोठा केला, आणखी मोठा केला. नखाच्या कडेला गडद हिरवी-निळी रेघ होती. मोहिउद्दीनभाईंनी चष्मा काढून पुसला आणि ते त्या अंगठ्याजवळ वाकले. खुर्शीदआपांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

महिनाभर रंगारी प्रिंट समोर ठेवून सूत बुडवत होता. मग एक लूम त्या कामाला लावला. पहिलं हातभर कापड निघालं तेव्हा मोहिउद्दीनभाईंनी ते दारात नेऊन उन्हात धरलं.

"रंग फिका आहे," ते म्हणाले. "अब्बांचा याहून गडद होता. सूत अजून एकदा बुडवायला सांग."

खुर्शीदआपा रंगाऱ्याला हाक मारायला निघाल्या.