सुट्टीची तालीम

फोटो टेबलावर आल्याआल्या आजीने चष्मा नाकावर खाली ओढला आणि त्यातलं कुंपण शोधायला सुरुवात केली. पांढऱ्या भिंतींचं बुटकं घर होतं. खिडक्यांना हिरव्या झडपा, पुढे हिरवळीचा उतार, आणि हिरवळ संपते तिथेच तळं. तिने बोट फिरवून पाहिलं. मध्ये काही नव्हतं. एखादी दोरीसुद्धा नव्हती.

"आहे की नाही झकास?" तिचा मुलगा म्हणाला.

आजीने मान हलवली आणि बोट उचलून मांडीवर ठेवलं.

सहलवाल्या बाईंचं ऑफिस एका खोलीचं होतं. भिंतीवर युरोपचा मोठा नकाशा, कोपऱ्यात मुलांसाठी बुटकं टेबल, आणि दाराआड घडी घातलेल्या दोन बाबागाड्या. बाई फक्त तिकडच्याच सहली आखत, त्याही जोडप्यांच्या आणि लहान मुलं असलेल्या कुटुंबांच्या, आणि फक्त निवांत. आठवड्यात सहा शहरं बघायची हौस असलेल्यांना त्या सरळ पलीकडच्या दुकानात पाठवत. त्या लोकांना सुट्टीवरून आल्यावर सुट्टी लागते, असं त्यांचं म्हणणं. नात किती वाजता झोपते, काय खाते, अनोळखी संडासात बसते का, हे सगळं त्यांनी सूनबाईला खोदून खोदून विचारलं होतं. उन्हाळ्यात तिकडे जेवणं आटोपली तरी बाहेर लख्ख उजेड असतो, लेकरं झोपायचं नाव घेत नाहीत, म्हणून जाड पडद्यांचं घर हवं. गाडी एकदाच बदलायची. स्टेशनवर जिना नको. या बाईंना जगातला एकेक जिना पाठ असावा, असं आजीला वाटलं.

बेत सरळ होता. एकच घर, एकच गाव. रोज संध्याकाळी मुलगा आणि सूनबाई दोघंच फिरायला जाणार, आणि तोवर आजी आणि नात तळ्याकाठी हिरवळीवर. बाईंनी सगळ्यांना विचारलं तसं आजीलाही विचारलं, तिला तिथे काय हवंय म्हणून. पोरं खूश तर आपण खूश, असं आजी म्हणाली.

"सगळ्या आज्या हेच म्हणतात," बाई म्हणाल्या. "आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसतात."

सगळे हसले. सूनबाईसुद्धा हसली. तिला असं हसताना आजीने कितीतरी महिन्यांनी पाहिलं होतं. घरात त्या दोघांचं बोलणं म्हणजे हल्ली नुसते निरोप उरले होते. दूध संपलंय, उद्या उशीर होईल, चावी कुठे ठेवलीस. कधी बंद दाराआड आवाज चढत, मग दोन दिवस घरात चमच्यांचाच तेवढा आवाज. ही सहल ठरल्यापासून मात्र दोघं नकाशावर डोकं टेकवून बसत. त्यात आपण मिठाचा खडा टाकायचा कसा, हे आजीला कळत नव्हतं.

कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी घरात कोणालाच ठाऊक नव्हती.

मागे एकदा नातीला आंघोळीच्या टबात बसवून ती टॉवेल आणायला गेली होती. कपाटात टॉवेलांच्या खाली तिच्या मुलाची तान्हेपणीची लोकरीची टोपी सापडली. ती टोपी हातात घेऊन ती पलंगाच्या कडेला टेकली, आणि सगळं कालच्यासारखं समोर आलं. लोकर घेतली ते दुकान, तिरळ्या डोळ्यांचा दुकानदार, त्याने वर फुकट दिलेले चार धागे, आणि तिचे यजमान दारात उभे राहून "झालं का, बाईसाहेब," म्हणत होते तो चिडवणारा सूर. केवढा वेळ गेला कोण जाणे. परतली तेव्हा नळ चालूच होता आणि पाणी पोरीच्या हनुवटीला टेकलं होतं. पोरगी मान वर करून गप्प बसली होती. तिने हाक मारली नव्हती. ती रडतही नव्हती.

जुनं ते सोनं म्हणतात. आजीपाशी आता नुसतं सोनंच उरलं होतं, रोजच्या खर्चाची मोड नव्हती. पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रवासात तिकीट तपासनिसाच्या कोटाचं कुठलं बटण तुटलं होतं हे ती सांगू शकली असती. सकाळी गॅस बंद केला की नाही, हे सांगता आलं नसतं. हल्ली शाळेतून नातीला आणताना आपल्याच गल्लीच्या तोंडाशी तिचे पाय थांबत. सगळी फाटकं सारखी दिसत. मग तिने एक युक्ती काढली होती. ती नातीला विचारी, "सांग बरं, आता कुठे वळायचं?" जणू परीक्षाच घेतेय. पोरगी बरोबर उत्तर देई, आणि आजी "शाब्बास" म्हणे.

सांगितलं तर काय होईल, हेही तिला दिसत होतं. सहल मोडेल. शाळेतून आणायला दुसरं कोणी ठेवतील. मग दिवसभर खुर्चीत बसून राहायचं, आणि सगळ्यांनी तिच्याशी हळू आवाजात बोलायचं. आणि नाही सांगितलं तर ते तळं. रोज रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिला ती हिरवळ दिसे, आणि हिरवळीवर कोणी नसे.

बाईंची एक पद्धत होती. पैसे भरायच्या आधी त्या प्रत्येक कुटुंबाकडून सहलीची तालीम करून घेत. नाटकाची तालीम होते, लग्नाची होत नाही, म्हणून तर लग्नं बिघडतात, असं त्या म्हणत. ठरल्या रविवारी दुपारी सगळ्यांनी भरलेल्या बॅगा आणि बाबागाडी घेऊन यायचं, स्टेशनपर्यंत चालायचं, आणि मग तिथल्या संध्याकाळसारखी एक संध्याकाळ इथेच काढायची. कोण दमतं, कोण चिडतं, कुठली बॅग उगाच घेतली, सगळं कळतं.

त्याप्रमाणे ते आले. मुलाच्या मोठ्या बॅगेचं चाक पहिल्याच वळणावर अडलं. सूनबाई म्हणाली, तीन जोड बूट कशाला, पाय किती आहेत तुला. तो म्हणाला, एक जोड तुझ्या डोक्यात घालायला. बाई मागून हसत चालल्या होत्या. आजीने नातीचा हात धरला होता. पोरीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती उभी राहिली की गिरक्या घ्यायची. बोलता बोलता, जेवता जेवतासुद्धा.

स्टेशनवरून ते बागेत आले. तिथे कारंज्याजवळच्या बाकावर बाईंनी आजीला बसवलं आणि समजावून सांगितलं. आता ही दोघं कॉफी प्यायला जातील, तुम्ही दोघी इथे थोडं खेळा, आणि मग आपल्या आपण चालत ऑफिसात या. फार लांब नाही. फाटकातून बाहेर पडलं की औषधाचं दुकान, तिथून डावीकडे, मग चपलांचं दुकान, आणि समोर आपलंच दार.

"जमेल ना, आई?" सूनबाईने विचारलं.

"अगं, तुझ्या नवऱ्याला मी याच हातांनी अर्ध्या मुलखात फिरवलंय," आजी म्हणाली. ते खरंच होतं.

ती दोघं गेली. जाताना मुलाने बायकोच्या पाठीवर हात ठेवलेला आजीने पाहिला. औषधाचं दुकान, डावीकडे, चपला, असं ती मनात घोकत राहिली. कारंज्याचं पाणी उडत होतं. भिंगरी त्याच्या कठड्याभोवती गिरक्या घेत होती. आजीने ठरवलं, तिच्यावरची नजर काढायची नाही. पापणीसुद्धा लवू द्यायची नाही.

पाण्याचा आवाज तसाच होता. लग्नानंतर पहिल्यांदा ती दोघं गेली होती त्या डोंगरावरच्या विश्रामगृहामागे असाच एक झरा होता. यजमानांनी तिथे पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि त्यांच्या पोटऱ्या किती पांढऱ्या आहेत ते तिला पहिल्यांदा दिसलं होतं. ती हसली तर ते रुसले. रात्री पत्र्याच्या बादलीत गरम पाणी घेऊन आलेला तो माणूस, त्याच्या कानातली बाळी, त्याने विचारलं होतं, बाईसाहेब, आणखी एक घोंगडी देऊ का. ती लाजून नको म्हणाली होती, आणि मग दोघं रात्रभर कुडकुडले होते.

कठड्याजवळ कोणी नव्हतं.

आजीने कठडा पुन्हा पाहिला. ती उठली. पाण्यापाशी जायला पाऊल उचललं तर मागून काहीतरी ओढलं गेलं. तिने वळून पाहिलं. भिंगरी बाकाजवळच उभी होती. तिने आजीच्या स्वेटरची कड मुठीत घट्ट धरली होती.

"मी इथेच आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

पोरीने खांदे उडवले. "तू अशी बघायला लागलीस ना, तेव्हापासून."

आजी पुन्हा बाकावर बसली. बऱ्याच वेळाने ती उठली आणि दोघी फाटकाकडे निघाल्या. बाहेर रस्ता होता, दुकानं होती, माणसं होती. आत्तापर्यंत घोकलेलं सगळं कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून टाकल्यासारखं झालं होतं. ती एका बाजूला दोन पावलं गेली, मग थांबली.

भिंगरी खाली बघत उभी होती. गिरकी नाही, काही नाही. मग ती हळूच म्हणाली, "आजी, तू विचारलं नाहीस."

"काय विचारलं नाही?"

"सांग बरं, आता कुठे वळायचं."

आजीने रस्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तू विचार. मग मी सांगते," पोरगी म्हणाली. शिक्षिका मुलांना समजावतात तसा तिचा आवाज होता. "कोणी बघत असलं तर तू शाब्बास म्हणायचं."

आजीने विचारलं. पोरीने सांगितलं. दोघी चालत राहिल्या. रस्ता ओलांडताना आधी पोरगीच थांबली, तिने दोन्हीकडे पाहिलं, आणि मग हात ओढला. आजीने वरून तिच्या भांगाकडे पाहिलं. नीट, सरळ भांग. या पोरीला अजून स्वतःच्या बुटांचे बंद बांधता येत नव्हते.

ऑफिसात मुलगा आणि सूनबाई आधीच येऊन बसली होती. दोघांचे चेहरे फुलले होते. कॉफी गार होईपर्यंत बोलत बसलो, सूनबाई बाईंना सांगत होती, कशाबद्दल ते आता आठवतही नाही.

"आल्या बघा," मुलगा म्हणाला. "काय गं भिंगरी, रस्ता कोणी दाखवला?"

"आजीने," भिंगरी म्हणाली. "आजीला सगळं माहितीये. आम्ही बदकं पण बघितली."

बागेत बदकं नव्हती. पोरीने हे बापाकडे बघून सांगितलं, न अडखळता, आणि मग फक्त एकदा डोळ्यांच्या कोपऱ्यातून आजीकडे पाहिलं. सगळं ठीक झालं ना, अशा अर्थाने. आजीला ती नजर ओळखीची वाटली. आजारी माणसाच्या उशाशी बसणाऱ्या बायका अशा बघतात. तिने स्वतः यजमानांच्या शेवटच्या वर्षात दारात आलेल्या पाहुण्यांकडे बघून असंच हसत सांगितलं होतं, आज बरे आहेत.

मुलगा बाईंना म्हणाला, मी म्हटलं नव्हतं का, आमची आई म्हणजे घड्याळ आहे. बाईंनी फोटो पुढे ओढला. मग हे घर पक्कं करू या ना, त्यांनी विचारलं.

बुटक्या टेबलावर रंगीत खडू पडले होते. भिंगरी तिकडे गेली नाही. स्वेटरची कड अजून तिच्या मुठीत होती.

"रस्ता तिने दाखवला," आजी म्हणाली.

मुलगा हसला. "बरं, तिने दाखवला."

"हल्ली रोज तीच दाखवते. शाळेतून येतानाही." आजीचा आवाज तिला स्वतःलाच दुसऱ्या कोणाचा वाटला. "मला आठवत नाही, बाळा. आणि एकदा तिला टबात ठेवून मी विसरले. पाणी इथपर्यंत आलं होतं." तिने हात उचलून स्वतःच्या हनुवटीला लावला. "तिला माझ्यापाशी एकटीला ठेवू नका."

मुलाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, काढून ठेवायला विसरल्यासारखं. सूनबाई उठली आणि उभीच राहिली.

"आजी," भिंगरी कुजबुजली, "ते सांगायचं नसतं."

"आता सांगितलं," आजी म्हणाली.

पोरीने तिच्याकडे पाहिलं. तिचा खालचा ओठ थरथरला आणि ती रडायला लागली. मोठ्याने, भोकाड पसरून, नाक गळेपर्यंत. एवढी-एवढीशी पोरं रडतात तशी. सूनबाईने तिला उचलून कडेवर घेतलं आणि ती आईच्या मानेत तोंड खुपसून रडत राहिली. तिला कोणी गप्प केलं नाही.

रडं हुंदक्यांवर आलं तेव्हा बाईंनी टेबलावरचा फोटो उचलला आणि बाजूला ठेवला. त्यांनी आजीपुढे पाण्याचा पेला सरकवला.

"मग," त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "पहिल्यापासून बघू. किती जण जाणार आहात?"

मुलाने बायकोकडे पाहिलं. सूनबाई पोरीच्या पाठीवर थोपटत होती. आजीने पेला दोन्ही हातांत धरला. एक घोट घेऊन तिने तो पुन्हा टेबलावर ठेवला, आणि उत्तराची वाट बघत बसली. भीती गेली नव्हती. पण आता ती पोरीने सांभाळायची उरली नव्हती.