मुकुट घातला की पोर्तुगीज

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मागचे पालक बाकांवर चढले होते, त्यांच्या मागचे पालक त्यांना खाली बसायला सांगत होते. स्टेजवर सहावीतला हर्षित डोक्याला चंदेरी पट्टा लावून उभा होता आणि घडाघडा पोर्तुगीज बोलत होता. पडद्यावर थेट पोर्तुगालहून कुणी मारियाबाई त्याला प्रश्न विचारत होत्या. तो उत्तर देत होता. त्या हसत होत्या. सकाळी प्रार्थनेच्या वेळेपर्यंत हर्षितला परकीय असं जे काही येत होतं, ते 'बाय' इतकंच.

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हात जोडले. मीही जोडले. ते टाळी वाजवायच्या तयारीत होते, असं मी नंतर सांगत फिरलो.

मी या शाळेत विज्ञान शिकवतो. शिवाय आमच्या भागातल्या विवेक मंडळाचा निमंत्रक आहे. जळता कापूर जिभेवर ठेवणं, नारळातून रंगीत चिंध्या काढणं, हे मी गणेशोत्सवात करून दाखवतो आणि मग त्यामागची युक्ती सांगतो. मंडळाचं एक पत्रक आहे, 'चमत्कार दिसला तर काय विचाराल?' ते मीच लिहिलंय. त्या दिवशी त्याचा गठ्ठा माझ्या पिशवीत होता, आणि त्यातला एकही प्रश्न मी विचारला नाही. म्हणून आता गोष्ट त्या प्रश्नांखालीच सांगतो. त्यांचा क्रम बिघडलाय. डोकंही जागेवर नव्हतं, क्रमाचं काय घेऊन बसलात.

*चमत्कार करणारा काय बोलतो?*

प्रशांत सर हा चंदेरी पट्टा घेऊन ठाण्याच्या कोपरीहून आलेले. खाली झब्बा, वर ब्लेझर, कानाला माइक.

"प्रत्येक बालकाच्या मेंदूत जगातल्या सगळ्या भाषा झोपलेल्या असतात," ते म्हणाले. "आपण शिकवत नाही, आपण उठवतो. हा वाणीमुकुट लहरी सोडतो. ऋषींना हे माहीत होतं, प्रयोगशाळांना आत्ता कळतंय. व्याकरण नाही, पाठांतर नाही, चूक नाही. आणि नुसती भाषा नाही हां, संस्कृतीसुद्धा आत उतरते."

"म्हणजे पोरगा काट्या-चमच्याने जेवेल?" मागून कुणीतरी विचारलं.

"आपोआप."

"आणि मुकुट काढला की?"

"सवय होईपर्यंत काढायचा नाही."

एखादा बाबा 'लहरी' म्हणाला असता, तर मी त्याला लगेच विचारलं असतं, कसल्या, किती, मोजल्या कुणी? पण यांच्याकडे लॅपटॉप होता. भस्म लावलेल्या माणसाची मी झडती घेतो. लॅपटॉपवाल्याला मी खुर्ची आणून देतो. त्या दिवशी खरोखरच आणून दिली.

*यात नुकसान कुणाचं?*

विनिफ्रेड टीचरचं. त्या पोर्तुगीजचा वर्ग घेतात. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेशी त्यांनी आमच्या मुलांची गाठ घालून दिली आहे. मुलं एकमेकांना आवाज रेकॉर्ड करून पाठवतात, पडद्यावर भेटतात. तिकडची मुलं सार्डिन भाजून दाखवतात, इकडची बोंबील कसे वाळवतात ते. वर्ष सरलं, आणि आमच्या मुलांना जेमतेम 'तुमच्याकडे आज काय शिजलंय?' विचारता येऊ लागलं.

पालकांना हे फार सावकाश वाटत होतं. मुकुटाचा प्रयोग जमला की टीचरचा वर्ग बंद करायचा आणि त्या खोलीत मुकुट बसवायचे, हे जवळपास ठरलेलं. शाळा समितीचे अध्यक्ष काळुराम शेठ यांनी प्रयोगाला आपला नातू दिला होता. तो हर्षित.

मी टीचरना धीर द्यायला गेलो. म्हणालो, "तुमचं काय बिघडतंय? पोर्तुगीज तर तुमच्या रक्तातच आहे."

टीचरनी माझ्याकडे पाहिलं. "सर, आमच्या घरात कित्येक पिढ्या मराठीच बोलतात. माझी आजी भात लावताना पोर्तुगीज गात नव्हती. मी ही भाषा तिशीनंतर शिकले. मोबाइल खिडकीत ठेवून, भांडी घासता घासता."

"नाही, तरी पण."

"तरी पण काय? रक्तात असतं तर भांडी लवकर झाली असती."

विवेक मंडळाचा निमंत्रक तिथून परतला.

*फसवणुकीला वाव नाही, हे कोण सांगतं?*

फसवणारा. प्रशांत सरांनी सुरुवातीलाच खिशातून आपला मोबाइल काढला, सगळ्यांसमोर बंद केला आणि माझ्या हातात दिला. "हे सायन्सचे सर. यांच्यावर तुमचा विश्वास आहे ना? मग फोन यांच्याकडे. आता माझ्याकडे काही नाही. नेट तुमच्याच शाळेचं. पासवर्ड तुम्हीच टाका."

पासवर्डही मीच टाकला. जादूगार रिकामी टोपी दाखवतो, तेव्हा टोपी धरायला एक माणूस लागतो. तो मी होतो, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

*कुणी शंका काढली, तर तिचं काय झालं?*

मी ती दाबली.

झालं असं की प्रयोग चालू असताना वीज गेली. शुक्रवार होता. आमच्या मानपाड्यात शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे बालवाडीतल्या मुलालाही माहीत. कोपरीहून आलेल्या माणसाला नव्हतं. सभागृह इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे पडदा आणि माइक चालूच राहिले. इंटरनेटचा डबा ऑफिसात, तो इन्व्हर्टरवर नाही. शुक्रवारी विनिफ्रेड टीचर व्हिडिओचा वर्ग ठेवत नाहीत, ते याच कारणाने.

त्यांच्या वर्गातली कृतिका माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "सर, नेट गेलं."

"गप बस. कार्यक्रम चालू आहे."

"पण सर, मग ही बाई कशी बोलतेय?"

मी तिला काय सांगितलं, ते लिहायला हात धजत नाही. लिहितो. मी म्हणालो, "पुढचं तंत्रज्ञान आहे बाळा, तुला नाही कळायचं."

"फोन तर तुमच्या हातात बंद आहे," कृतिका म्हणाली. आता ती कुजबुजत नव्हती. "मग नेट येतंय कुठून?"

मान वळवून बघायला लोकांना एवढं पुरलं. काळुराम शेठ उठले. "काय बोलतेय पोरगी?"

प्रशांत सर हसले. "शंका घेतली की लहरी बसत नाहीत. वातावरण बिघडतं."

हे वाक्य मी किती बाबांच्या तोंडून ऐकलंय! शब्दही बदललेले नव्हते. तेव्हा कुठे माझ्या हातातला फोन मला जड वाटू लागला.

*दुसऱ्या कुणाला करून पाहता येतं का?*

विनिफ्रेड टीचर इतका वेळ गप्प होत्या. बोलल्या असत्या, तर पोटावर पाय येतोय म्हणून बोलते असं म्हणायला आम्ही तयारच होतो. आता त्या स्टेजवर गेल्या आणि त्यांनी हर्षितला पोर्तुगीजमध्ये काहीतरी विचारलं.

हर्षितने क्षणभर वाट पाहिली आणि एक लांबलचक वाक्य म्हटलं.

"मी त्याला नाव विचारलं," टीचर आम्हाला म्हणाल्या. "तो म्हणतोय, आमच्याकडे समुद्र फार सुंदर आहे."

मग त्यांनी हलकेच त्याचा मुकुट काढला. हर्षित तोंड मिटून उभा राहिला. पडद्यावर मारियाबाईंनी मान डोलावली, खळखळून हसल्या आणि त्या गप्प पोराला शाबासकी दिली.

काळुराम शेठ स्टेजवर चढले, मुकुट उचलून त्यांनी स्वतःच्या डोक्यावर चढवला. "आत कोन तरी बोलतंय," ते म्हणाले.

"तो बोलतो तसं म्हणा," टीचर म्हणाल्या.

"गोश्तु... मुइतु... द पैश."

"आता तुम्हाला मासे फार आवडतात."

"ते तर आवडतातच," शेठ म्हणाले. "पन ते मी बोललू नाय." त्यांनी मुकुट काढून प्रशांत सरांपुढे धरला. "हा उघडा."

उघडला. पट्ट्यात कानामागच्या हाडाला टेकेल असा इवलासा स्पीकर होता. त्यात एका माणसाच्या आवाजात उत्तरं भरलेली. पडद्यावर आधीच चित्रित केलेली फिल्म, प्रत्येक प्रश्नानंतर उत्तरापुरती जागा सोडलेली. दोन्ही एकाच वेळी सुरू करायचं, बस्स. लहरी होत्या, पण त्या आवाजाच्या. सहावीच्या पुस्तकात त्यांच्यावर धडा आहे. तो मी शिकवतो.

टीचरचा वर्ग बंद होणार नाही, असं शेठनी तिथेच जाहीर केलं. "पन जरा लवकर शिकवा," असंही म्हणाले.

"लवकर नाही जमत, शेठ," टीचर म्हणाल्या. "येतं, पण सावकाश."

हर्षित अजून तिथेच उभा होता. "मला सांगितलेलं, तो आवाज म्हणजे तुझा मेंदू," तो म्हणाला. "मला वाटलं, भाषा आली की सगळ्यांना आतून असंच ऐकू येतं." तो रडत नव्हता, पण रडला असता तर बरं वाटलं असतं. त्या खेळात खरेपणाने वागत होता तो एकटाच, आणि त्यालाच फसायला आम्ही स्टेजवर चढवलं होतं.

"मला खरंच येईल?" त्याने टीचरना विचारलं.

"सोमवारी ये."

सोमवारी मीही गेलो, मागच्या बाकावर बसलो. पडद्यावर पोर्तुगालची एक मुलगी होती, मागे तिचा भाऊ पाव खात होता. हर्षितने जीव गोळा करून एक वाक्य म्हटलं. मुलीने कपाळाला आठ्या घातल्या आणि काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?" हर्षित घाबरला.

"म्हणतेय, कळलं नाही, पुन्हा सांग," कृतिका म्हणाली.

त्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा ती मुलगी उत्तर द्यायला लागली.

यंत्राला नावं ठेवायचं कारण नाही. पडदा त्या दिवशीही होता आणि सोमवारीही. पण मारियाबाईंनी हर्षितला एकदाही 'कळलं नाही' म्हटलं नव्हतं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हा भस्म लावून येवो की ब्लेझर घालून, कुणी काही शिकवायला आला, तर तुमचं चुकल्यावर समोरचा थांबतो का, हे बघा. थांबत नसेल, तर विचारा. तुमच्याजवळचं पोर विचारत असेल, तर कृपा करून त्याला गप्प बसवू नका.