पांढऱ्या कणसांचा पास्टर

मी एक जुनी सुरी आहे आणि आयत्या सुगीच्या गप्पा मला मुळीच खपत नाहीत. मित्रांनो, सोरोतीच्या बाजारातल्या एका लोहाराने मला भंगार लॉरीच्या पोलादी पाट्यातून घडवलं. पातं बोटभर, मूठ लाकडाची. आमच्या तेसो मुलखात नाचणीचं एकेक कणीस हाताने खुडतात, त्यासाठीच माझा जन्म. अपोलोट नावाच्या विधवेने मला घेतलं आणि आम्ही दोघींनी मिळून एकवीस सुग्या काढल्या. नाचणी काही सगळी एकदम पिकत नाही. म्हणून अपोलोट शेतात तीन फेऱ्या घालते. तपकिरी कणीस घेते, हिरवं पुढच्या फेरीला ठेवते. "तुझी सुरी म्हणजे सोनं गं," असं शेजारणी म्हणत, तेव्हा मी फुशारून जायचे.

मग पास्टर सेबुन्या उगवला. राजधानी कंपालाहून मोठा तंबू, चार भोंगे आणि चकचकीत बूट घेऊन आला. त्या बुटांना शेताची माती कधी लागली नसावी. तंबूवर फलक होता, 'आत्म्यांची महासुगी'. मंचावर मिरवायला त्याला एखादं अवजार हवं होतं. नाचणी पिकायला आली होती, तरी अपोलोटने मला देऊन टाकलं. तिचा थोरला मुलगा ओक्वी दिवसभर नाचणीच्या दारूच्या माठाशी, लांब नळी तोंडात धरून बसलेला असायचा.

"माझा ओक्वी एवढा सुटू दे," ती म्हणाली. "सुरीचं काय मोठंसं!"

पाच दिवस त्या माणसाने मला हवेत नाचवलं, तेही उलटी धरून. रोज तेच ओरडायचा, "शेतं पांढरी झाली आहेत! कापणीला तयार आहेत!" बायका तोंडावर हात धरून हसायच्या. शेवटच्या दिवशी अपोलोट उभी राहिली.

"पास्टरसाहेब, एक बोलू? आमच्याकडे पांढरं कणीस म्हणजे करपा पडलेलं. आत दाणाच नसतो."

"आई, हे पवित्र शास्त्रातलं आहे."

"असेल ना. तिथं गहू असेल. तुम्ही नाचणीवाल्यांत उभे आहात. भरलेलं कुठलं नि पोकळ कुठलं, हे वाकून बघावं लागतं."

"वाकतील कसे?" मागून कोणीतरी म्हणालं. "पँटची इस्त्री मोडेल की!"

सगळा तंबू हसला. ज्यांना तारण हवंय त्यांनी हात वर करा, असं पास्टरने घाईघाईने सांगितलं. ओक्वीनेही हात वर केला. ते मी मंचावरून पाहिलं. पास्टरने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भोंग्यावरून वर झालेल्या हातांचा आकडा सांगितला, सुगी संपली म्हणाला आणि मला टेबलावर टाकून निघून गेला.

रविवारी ओक्वी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून प्रार्थनेला म्हणून तंबूच्या मैदानावर गेला. तिथे तंबूच्या खुंट्यांची भोकं तेवढी उरली होती.

"आई," तो घरी येऊन म्हणाला, "मला कापलं आणि तिथंच टाकून गेले गं."

उंदीरसुद्धा कणीस तोडतो तर बिळात नेतो. हा पास्टर उंदराच्याही पासंगाला पुरत नाही, हे मी स्पष्ट सांगते.

अपोलोटने मला त्या टेबलावरून उचलून घरी आणलंच होतं, आता ओक्वीच्या हातात दिलं. "चल. कापणं काय, चार दिवसांचं काम. वाळवायचं, मळायचं, पाखडायचं, कणगीत भरायचं, त्याला महिना जातो. ते त्या पास्टरला कोणी शिकवलं नाही. तुला मी शिकवते."

दोन फेऱ्या त्याने केल्या. अंगठा कापून घेतला आणि मला शिव्या घातल्या. तिसऱ्या फेरीच्या आधी पुन्हा माठाशी जाऊन बसला.

"सोड त्याचा नाद," शेजारीण म्हणाली.

"का म्हणून? हिरवं कणीस मी कधी उपटून टाकलंय का?"

मित्रांनो, मला गंज चढू देऊ नका, एवढं मी मागणारच. पण ज्याला कापाल त्याला घरी न्या. न्यायचं नसेल, तर माझ्या मुठीला हात लावू नका.

आज सकाळी अपोलोटने मला दगडावर घासून धार लावली आणि माठापाशी जाऊन उभी राहिली.

"ओक्वी, तिसरी फेरी राहिलीय."

त्याला जरा वेळ लागला, पण तो उठला.