तुंब्यांचे दोन पट्टे

आमच्या घराच्या कवेलूंवर दरसाल दुधी भोपळ्याचा वेल चढायचा. त्या साली वच्छलाने त्यातले दोन भोपळे तोडू दिले नाहीत. भाजीला मागायला आलेल्या बायांना ती सांगायची, "ते खायचे नोहे वो. ते बोटीवर न्यायचे हायत."

वच्छला माझी बायको. आमचा एकुलता मुलगा खेमराज गोंदियाच्या स्टेशनात तार शिकला आणि पुढे आफ्रिकेत, मोंबासा नावाच्या बंदरात, रेल्वेत लागला. चार वर्षांनी त्याने आम्हा दोघांना तिकडे बोलावलं. दोन-तीन महिने राहा, नातवाला पाहा, परत या, असं त्याचं म्हणणं होतं. मुंबईहून बोट. दहा-बारा दिवस पाण्यावर. आम्ही कामठ्याचे. आमच्यासाठी मोठं पाणी म्हणजे गावचा तलाव आणि पुरातली वाघनदी.

पोळ्याच्या सुमारास त्याचं पत्र आलं. त्यात त्याने बोटीवरच्या शब्दांची यादी पाठवली होती. लिहिलं होतं, "बाबा, ही नावं आईकडून पाठ करून घ्या. मी आलो तेव्हा मला एकही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी आपली जागा सापडेना, पेटी सापडेना. विचारायचं कसं तेही कळेना. नाव ठाऊक असलं की माणूस हरवत नाही."

मी चौथीपर्यंत शिकलेलो. वच्छलाला अक्षर येत नव्हतं. मी ओसरीत बसून यादी वाचली, एकदाच. ती सूप हातात धरून ऐकत होती. मी वाचलं आणि विसरलो. तिने ऐकलं आणि ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून घरातल्या वस्तूंची नावं बदलली. ओसरी डेक झाली, कारण आम्ही डेकचे उतारू होतो आणि आमची वळकटी डेकवरच पडणार होती. दारापुढच्या नालीवरची फळी गँगवे. धानाची ढोली ठेवायची अंधारी खोली होल्ड. चुलीवरचा धूर जायला भिंतीत गोल भोक होतं, ते पोर्टहोल. विहिरीत पडलेली बादली काढायचा चार नखांचा गळ खुंटीला असायचा, तो लंगर. बोटीवर कागदपत्रं सांभाळणारा जो कारकून असतो त्याला पर्सर म्हणतात; पत्रं माझ्या पेटीत असायची, म्हणून पर्सर मी.

डावी बाजू पोर्ट आणि उजवी स्टारबोर्ड हे तिला काही केल्या लक्षात राहीना. मग तिने बैलांना लावून घेतलं. डावीकडे जुंपायचा तो पोर्ट. उजवीकडचा नाव ऐकून मान हलवायचा म्हणून तो स्टारबोर्ड. एकदा गाडी घेऊन निघालो तर मागून ओरडली, "अजी, पोर्टचा खूर पाहा, लंगडून राहिला थो!" रस्त्यावर दुधवाला उभा होता, तो हसून हसून खाली बसला.

मला या साऱ्याची लाज वाटायची. खरं सांगायचं तर बोटीची भीतीही वाटायची, आणि भीती वाटते हे बायकोला सांगता येत नव्हतं. म्हणून मी थट्टा करायचो.

यादीच्या शेवटी खेमराजने एक गोष्ट जरा मोठी लिहिली होती. बोटीवर भोंगा वाजतो. तो वाजला की प्रत्येकाने छातीला पट्टा बांधायचा. पट्टा माणसाला पाण्यावर तरंगता ठेवतो. मग सामान तिथेच सोडून आपल्याला नेमून दिलेल्या जागी जाऊन उभं राहायचं. बोट बुडत नसली तरी हे करून घेतात, सवय व्हावी म्हणून.

त्याच पत्रात आधी लिहिलं होतं की डेकच्या उतारूंनी वळकटी आपली आणायची, भांडी आपली आणायची, पीठ-तांदूळ आपले आणायचे. वच्छलाने त्यावरून धरलं की पट्टाही आपलाच न्यायचा. मलाही तसंच वाटलं. तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांची पोरं पोहायला शिकतात ती कमरेला तुंबा, म्हणजे वाळवून पोकळ केलेला दुधी, बांधून. पाण्यावर तरंगायची वस्तू आम्हाला ती एकच माहीत. म्हणून ते दोन भोपळे वेलावर राहिले. पौषात वाजवले तर आतल्या बिया खुळखुळ वाजल्या. तिने ते उतरवले, भोक पाडून आतलं सगळं काढलं, लाखेने तोंड बंद केलं आणि अंबाडीची दोरी वळून जाळी विणली. माझ्या छातीचं माप घेताना म्हणाली, "श्वास घ्या ना जी. समुद्रात का श्वास न घेता बसान?"

आमच्या गावात भाताची गिरणी होती. दुपारी बाराला तिचा भोंगा वाजायचा. पट्टे तयार झाल्यावर तिने रोज परीक्षा सुरू केली. भोंगा वाजला की जिथे असेल तिथून विचारायची, "भोंगा वाजला. आता का करावं लागते?"

मी म्हणायचो, "जेवाले बसावं."

"बुडून मरसान एक दिवस!" मग ती स्वतःच उत्तर द्यायची. "पट्टा बांधावा. सामान सोडावं. आपल्या जागेवर उभं राहावं. आन् संगच्या मानसाले हाक द्यावी."

शेवटचं यादीत नव्हतं. मी एकदा पत्र काढून दाखवलं, "हे पोट्ट्यानं लिहिलं नाई." ती म्हणाली, "त्याले का माहीत? थो एकटा गेला होता."

माघात तिला ताप आला. छाती भरली. गोंदियाहून डॉक्टर आणला, त्याने सुया दिल्या. पाचव्या दिवशी ती उशीला टेकून पडली होती. मी काढा गाळत होतो. गिरणीचा भोंगा वाजला. तिने डोळे उघडले. आवाज अगदी बारीक होता.

"भोंगा वाजला. आता का करावं लागते?"

त्या दिवशी थट्टा सुचली नाही. खरं उत्तरही दिलं नाही. मला वाटलं तापात बोलते आहे. म्हणालो, "काई नाई. तू पडून राय."

तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड फिरवलं. दिवस बुडायच्या आत गेली.

चार गोष्टी सांगायच्या होत्या. मला येत होत्या. रोज ऐकून ऐकून येत होत्या.

दहाव्यानंतर तिची लुगडी बहिणींत वाटली गेली. तुंबे कोणी मागितले नाहीत, कारण ते कशाचे आहेत हे पाहुण्यांना कळलं नाही. फक्त बिसराम ढिवर आला. ओसरीतल्या खुंटीकडे पाहत म्हणाला, "दुधरामभाऊ, तुंबे मोठे देखणे हायत. जाळ्याले लावले असते."

"नाई देत," मी म्हणालो.

"तुमी का करसान त्याचं?"

"राहू दे."

खेमराजला मी कळवलं की आई गेली आणि मी येत नाही. त्याचं उत्तर आलं. त्याला तिचं शेवटचं तोंड दिसलं नव्हतं. त्याने लिहिलं, "बाबा, तुम्ही तरी या. तिने काय काय तयारी केली होती ते मला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे." मी पत्र पेटीत ठेवलं. दुसरं आलं, तेही ठेवलं. लोकांना सांगायचो की शेती कोण पाहील. मनात वेगळं होतं. बोट मला तिच्या तोंडूनच माहीत होती. मी एकटा गेलो तर खेमराजसारखाच हरवीन, आणि तो तर तरणा होता. शिवाय वाटायचं, ज्या माणसाने साधं उत्तर दिलं नाही त्याने तिच्या मुलाला काय सांगायचं?

आषाढ सरता सरता रोवणा, धानाची लावणी, सुरू झाली. वच्छला असती तर बांधीच्या चिखलात उतरायच्या बाया तिनेच जमवल्या असत्या. त्या वर्षी तिची धाकटी बहीण रुख्मा पुढे झाली. ती आमच्याच गावात दिलेली. तिचा नवरा मनिराम माझ्या जोडीने शेती करायचा. मी पऱ्ह्यांच्या, धानाच्या कोवळ्या रोपांच्या, पेंड्या वाहत होतो आणि कडेच्या धुऱ्यावरून बांधीत फेकत होतो. बाया वाकून ओळीने लावत मागे मागे सरकत होत्या.

कोणाच्या तरी शिदोरीवर कावळा बसला. रुख्मा मान वर करून ओरडली, "अवो प्रेमिला, डेकवरचा डबा झाक ना!"

प्रेमिला चिखलातून धुऱ्याकडे पळाली. तिने विचारलंसुद्धा नाही की डेक म्हणजे काय.

मी पेंडी हातात धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने दुसरी एक बाई म्हणाली, "पेंड्या सरल्या माझ्या. स्टारबोर्डले फेका जी." सगळ्या हसल्या, पण मी नेमकी उजवीकडे फेकली.

रुख्माने ते पाहिलं. मेहुणीच ती, सोडते कशाला? "भाऊजी, तुमाले तं येते वाटते. वच्छलाबाई म्हणे, आमच्या घरचा मानूस ठोंब्या हाय, एक शब्द ध्यानात राहत नाई त्याच्या."

"तुमाले कोनं शिकवलं?"

"कोन शिकवन? गेल्या रोवण्यानंतर निंदणीले बाई आमच्या संग होती ना. निंदता निंदता आमच्याकडून पाठ करून घे. चुकलं का चिखल फेकून मारे." तिने पाठ सरळ केली. "सांगा बरं, पर्सर कोन?"

"कागदं सांभाळते थो."

"गँगवे?"

"चढा-उतरायची फळी."

"होल्ड?"

"सामानाची खोली. खाली असते."

तिने विचारलं, मी सांगितलं. बाकीच्या बायांनी लावणं थांबवलं होतं. यादीतला एकही शब्द चुकला नाही. मी स्वतःच चकित झालो. मी तर सगळं विसरलो होतो, असं मला वाटत होतं.

"सारंच येते की तुमाले," रुख्मा म्हणाली. तिच्या आवाजातली थट्टा गेली होती. "मंग काऊन नाई जाऊन राहिले? पोरगा तिकडं वाट पाहून राहिला."

"शेती..."

"शेती आमी पाहून घेऊ. शेतीचं नका सांगू मले."

मी पुढची पेंडी उचलली. तिनेही मग जोर केला नाही. खाली वाकली आणि लावायला लागली. तेवढ्यात गावाकडून गिरणीचा भोंगा ऐकू आला. कोणी काही विचारलं नाही. मी मात्र धुऱ्यावर उभा राहून मनातल्या मनात चारही गोष्टी ओळीने म्हटल्या. त्या संध्याकाळी खेमराजला लिहिलं की धान घरात आलं की निघतो.

निघायच्या आधी बिसरामला बोलावलं. खुंटीवरचा लहान पट्टा काढून त्याच्या हातात दिला. तो वच्छलाचा होता. त्याने तिथेच छातीला लावून पाहिला. दोरी पुरेना. माप तिचं होतं.

"कापू नको," मी म्हणालो.

"कापत नाई. जोड देतो," तो म्हणाला, आणि कमरेच्या सुतळीने त्याने ती वाढवून घेतली.

माझा पट्टा मी वळकटीत बांधला आणि मुंबईची गाडी धरली.

बोट पाहिल्यावर मी धक्क्यावरच थांबलो. आमच्या गिरणीसारख्या चार गिरण्या एकावर एक ठेवल्या तरी तिची उंची भरली नसती. पण गँगवे दिसली आणि पाय त्यावर आपोआप पडला. पर्सरच्या खिडकीशी कागद दाखवला. आमचा डेक कुठे ते विचारलं. पेटी होल्डमध्ये टाकली. माझ्या शेजारी एक म्हातारी काठेवाडी बाई बसली होती. तीही मुलाकडे निघालेली, तीही एकटी. ती आपल्या ट्रंकेवर बसून होती, उठायला तयार नव्हती. तिचं बोलणं मला अर्धंमुर्धं कळायचं, माझं तिला त्याहून कमी.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा वाजला. गिरणीच्या भोंग्यापेक्षा कितीतरी मोठा. सगळीकडे पळापळ झाली. मी वळकटी सोडली, पट्टा काढला, छातीला बांधला. वळकटी तिथेच टाकली. आमच्या जागेचा आकडा खांबावर लिहिला होता, तिथे जाऊन उभा राहिलो. मी सगळ्यांत पहिला.

तिथे एका मोठ्या पेटीत पट्टे भरून ठेवले होते. कापडात शिवलेले, पांढरे, शेकड्यांनी. एक खलाशी ते काढून वाटत होता. रत्नागिरीकडचा असावा, मराठी बोलला. माझ्याकडे पाहून थबकला.

"काका, हे काय बांधलंय?"

"पट्टा."

"घरून आणला?" त्याने तुंब्यावर बोट वाजवून पाहिलं. "कंपनी देते हो पट्टे. हे कुणी सांगितलं आणायला?"

"माझ्या बायकोनं केला," मी म्हणालो.

तो हसणार होता. हसला नाही. पांढरा पट्टा त्याने माझ्या हातात दिला आणि पुढे गेला. मला मात्र हसू आलं. वच्छला असती तर पहिल्यांदा चिडली असती, की पोट्ट्यानं एवढंही धड लिहिलं नाही. मग तीही हसली असती. हे खेमराजला सांगायचं, असं मी ठरवलं. तो भोंग्याचा दिवसही सांगायचा. दोन्ही सांगायचं.

तीन गोष्टी करून झाल्या होत्या. चौथी राहिली होती. मी मागे वळून पाहिलं. डेक रिकामा होत आला होता आणि काठेवाडी बाई अजून आपल्या ट्रंकेवर बसली होती, कडी दोन्ही हातांनी धरून.

मी तिला हाक मारली. तिने ऐकलं नाही. मी परत मोठ्याने हाक मारली. तिने मान वर केली.

"बाई, सामान सोडा," मी म्हणालो. "इकडं या. मी हाय इथं."

ती उठली. डोळे भेदरलेले होते. माझ्याजवळ येऊन तिने तिच्या बोलीत विचारलं, आता काय करायचं. तेवढं मला नीट कळलं.

पांढरा पट्टा तिच्या गळ्यात घालून मी बंद बांधायला लागलो, आणि तिला चारही गोष्टी पहिल्यापासून सांगायला लागलो.