थॉर्न वकिलाचं शेवटचं वाक्य

प्रतिमाने मोहनच्या डोक्यावरची उंच काळी हॅट काढली आणि स्वतःच्या काखेत मारली.

"आधी ते शेवटचं वाक्य कॅन्सल करा, मग हॅट मिळेल."

"अगं, मी कुठे मरतोय? थॉर्न मरतो."

"पण 'मी' म्हणूनच बोलायचंय ना? हिवाळ्यात बायपास झालीय तुमची. थडग्यापाशी उभं राहून स्वतःच्या तोंडाने असलं अभद्र बोलायचं नाही."

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या जुन्या दफनभूमीत दर ऑक्टोबरात गावकरी तिथल्या मृतांची सोंगं घेत आणि ज्याच्या त्याच्या थडग्यापाशी त्याचं आयुष्य सांगत. त्यांची मुलगी अंतरा या उद्योगाची प्रमुख. तिने बाबांना इझिकेल थॉर्न दिला होता. हा पक्का भांडखोर वकील यादवी युद्धात आमदार झाला आणि सैनिकांच्या बायकापोरांना सरकारी मदत मिळावी म्हणून भर सभागृहात बोलता बोलता छाती धरून कोसळला. बायपासनंतर मोहनला घरात कोणी कचऱ्याची पिशवीसुद्धा उचलू देत नव्हतं. आता आख्खा आमदार उचलायला मिळाला म्हणून स्वारी खुशीत होती.

हॅट शेवटी मिळाली, पण प्रतिमा खुर्ची टाकून अगदी पुढ्यात बसली.

मोहन रंगला. शेजाऱ्याच्या डुकरावरून थॉर्नने लढवलेला खटला ऐकून लोक हसून हसून बेजार झाले. मग सभागृह आलं, हात छातीवर गेला, आणि समोर प्रतिमाने डोळे घट्ट मिटून घेतले.

"अँड देन," मोहन अडखळला, "माय वाइफ सेड, इनफ, कम होम. सो आय वेंट होम."

टाळ्या पडल्या.

"बाबा, थॉर्न डाइड!" अंतरा दातओठ खात पुटपुटली.

प्रतिमा विजयी मुद्रेने थर्मासमधला चहा ओतू लागली. तेवढ्यात काठी टेकत एक वृद्ध बाई तिच्याजवळ आल्या. त्या थॉर्नच्या खापरपणती निघाल्या. ते खरंच घरी आले असते तर किती बरं झालं असतं, त्या हसून म्हणाल्या. त्यांच्या घरात अजून सांगतात, त्या रात्री थॉर्नची बायको जेवण झाकून ठेवून वाट बघत होती. बातमी आली तेव्हा उजाडलं होतं.

प्रतिमाचा चहा हातातच राहिला. हिवाळ्यात मोहन घरी परतलाच नाही त्या रात्री हॉस्पिटलमधून फोन येईपर्यंत तीही अशीच बसली होती, कुकर न उघडता. तेव्हा तिला फार भीती वाटली होती, आणि ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

प्रेक्षकांचा पुढचा घोळका फाटकातून आत येत होता. ती उठली, मोहनची हॅट सरळ केली, कोटाचं वरचं बटण लावलं.

"या वेळी नीट मरा," ती म्हणाली. "मी बसलेय इथे."