पहिली बट

गाठ मी रचली होती. पोटात गाठ आहे, डॉक्टरांनी पावसाळ्यापर्यंतचीच मुदत दिलीय, असं मी माझ्या लेकीला, दाओरुंगला, फोनवर सांगितलं. ना गाठ होती, ना डॉक्टर.

दाओरुंग मुलगा म्हणून जन्मली, पण ते सोंग तिला कधी जमलं नाही. विहाराच्या जत्रेतल्या सौंदर्यस्पर्धेत पहिली आली, मग खोनकेन शहरात, मग थेट बँकॉक. दिवसा कपड्यांच्या जाहिराती, रात्री एका बड्या क्लबच्या दारावर ती. कुणाला आत सोडायचं ते ती ठरवणार. मंत्र्यांची पोरंही रांगेत गप्प. बाजारात मी आंबवलेली मासळी विकते, तिथे तिचा फोटो टांगलेला. मला कमी अभिमान नव्हता.

पण आमच्यात मुलगा चार दिवस का होईना चीवर घेऊन भिक्खू होतो, तेव्हा त्या चीवराचा पदर धरून आई स्वर्गात जाते. शेजारीण बुआला, तिच्या दारुड्या पोरानेसुद्धा सात दिवस घेतलं.

"तू लेकीचा झगा धरून जा की वर," ती भर बाजारात म्हणाली. "आखूड आहे, जपून धर हो!"

"तुझ्या पोराच्या चीवराला दारूचा वास येतो. वर जाईपर्यंत माश्या बसतील तुझ्यावर," मी सुनावलं. पण तिचा बोल लागायचा तो लागलाच.

त्यात दाओरुंगने ऑपरेशनची तारीख घेतलेली. एकदा छाती झाली की कुठला विहार चीवर देणार? म्हणून ती गाठ.

पोर दुसऱ्या दिवशी दारात.

"आई, पुढच्या महिन्यात शाम्पूची जाहिरात आहे गं. आमच्यातल्या कुणाला आजवर घेतलं नव्हतं. केसांसाठीच घेतलंय मला. ती झाल्यावर चीवर घेतलं तर?"

"मी थांबेन बाई. गाठ थांबेल का?"

मुंडणाची पहिली बट आईने कापायची असते. कमरेपर्यंतचे केस, खाली केस झेलायला कमळाचं पान, माझ्या हातात कात्री. तिने वर पाहिलं.

"खरं सांग आई, फार दुखतं का?"

तेव्हा सांगता आलं असतं. पण बुआला पुढेच बसली होती.

"दुखतं," म्हटलं आणि कापली. मग भंतेंनी डोकं भादरलं, भुवयाही.

तिचा फोन माझ्यापाशी होता. चौथ्या दिवशी तिच्या क्लबातल्या मैत्रिणीचा फोन आला.

"मावशी, कंपनीने दुसरी मुलगी घेतली. टकलावर शाम्पू कसा दाखवायचा, म्हणाले. ते जाऊ द्या. तुमचं कसं आहे? आम्ही सगळ्या रोज तुमच्यासाठी उदबत्ती लावतो."

दुसऱ्या सकाळी दाओरुंग भिक्षापात्र घेऊन अनवाणी दारी आली. मी गुडघ्यांवर. भिक्खूला बाईने हात लावायचा नाही, नावाने हाक मारायची नाही.

"भंते," मी पोटच्या पोरीला म्हणाले, "मला गाठ नाही. कधीच नव्हती. आणि तुमची जाहिरात गेली."

बुआला पलीकडेच बसली होती, तिने ऐकलं. ऐकू दे.

भुवयांशिवायच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. भाताची मूठ पात्राच्या काठालाच चिकटली, ती मी बोटाने आत ढकलली. वाटलं, आता पात्र उपडं करील. पण भिक्षा घेतली की देणाऱ्याला आशीर्वाद द्यावाच लागतो. तिने डोळे मिटले. दीर्घायुष्य लाभो, रूप लाभो, सुख लाभो, बळ लाभो. एक शब्द गाळला नाही.

मी कपाळ जमिनीला टेकवलं. उचललं तोवर ती बुआलाच्या दारी गेली होती.