कोपऱ्यातलं देवधान

धनेंद्रचं लग्न झालं त्या वर्षी, दसरा उलटून चार दिवस झाले होते, तेव्हा त्याचा आजा कुंजीलाल कमरेइतक्या धानात वाकून लालसर कुसळांचं एक ताट मुळासकट उपटत होता. ताट हाती येताच त्याने लोंबा मुठीत आवळल्या. ते देवधान होतं, न पेरता उगवणारं रानधान. त्याला नुसता धक्का लागला तरी दाणे गळून चिखलात जातात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवून येतात.

नवेगावच्या तलावाला लागून असलेल्या या बांधीत, धानाच्या खाचरात, यंदा बियाण्याचं धान होतं. तपासणीचे साहेब उद्या सकाळी येणार होते. देवधानाचं एक ताट जरी दिसलं, तरी सगळी बांधी बियाण्यातून बाद होणार होती. कुंजीलालच्या मुलाने, खेमराजने, हे दहा वेळा सांगितलं होतं. तरी म्हाताऱ्यावर भरवसा नव्हता, म्हणून आपल्या मुलीला, धनेंद्रच्या बहिणीला नीतूला, त्याने बांधाच्या धुऱ्यावर बसवून ठेवलं होतं. ती सडक अर्जुनीच्या कॉलेजात शिकत होती. मांडीवर इंग्रजीचं पुस्तक होतं.

"का वाचून राहिली वो?" कुंजीलालने पाठ सरळ न करताच विचारलं.

"कविता. अमेरिकेतल्या. दीडशे वर्सांमागच्या."

"का म्हणतेत?"

नीतूने पुस्तकात बोट घालून ते मिटलं. "रानात फिरतेत. गवत पाहिलं का त्यायले वाटते, हे आन् आपण काही अलग नाही. मेल्यावर मातीत जाऊ, मातीतून पुन्हा असेच वर येऊ."

"मंग त्यायच्या शेतात निंदन कोण करे?"

"ते शेतकरी नव्हते, आजा."

"तरीच," कुंजीलाल म्हणाला, आणि पुढच्या ताटाकडे वळला.

उन्हं कलेपर्यंत सगळी बांधी साफ झाली. राहिला तो तलावाकडच्या कोपऱ्यातला देवधानाचा एक थोंब, दाट झुबका. त्याच्या लोंबा तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या, दोरीने एकत्र बांधल्या होत्या, दाणे गळू नयेत म्हणून. त्या दोन हात जागेत कुंजीलालने कधी नांगर जाऊ दिला नव्हता, पुढे ट्रॅक्टर आला तेव्हा तोही नाही. त्याची बायको सुंदरबाई ऋषिपंचमी धरायची, आणि त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं अन्न चालत नाही. म्हणून हे आपोआप उगवलेलं धान दरवर्षी काढून गाडग्यात भरायचं आणि पुढच्या भादव्यापर्यंत शिंक्यावर ठेवायचं. कितीही बांधलं तरी चार दाणे निसटायचेच. बांधीभर पसरायचे. मग कुंजीलाल आश्विनभर ते उपटत फिरायचा. बाबा स्वतःच पेरतात आणि स्वतःच निंदतात, असं खेमराज लोकांना हसत सांगायचा. यंदा तो हसत नव्हता.

तो गाडी धुऱ्याशी लावून आला.

"झालं का, बाबा?"

"झालं."

"आन् ते?"

"ते कोपऱ्यात आहे. तिथं नांगर जात नाही."

"साहेब नांगर पाहाले नाही येऊन राहिला. कुसळ पाहाले येते." खेमराजने आवाज खाली आणला. "दोन वर्सं झाली, गाडगं तसंच भरून आहे. कोण खाते ते? धनेंद्रची बायको पंचमी धरत नाही. कायले ठेवता?"

कुंजीलाल हाताचा चिखल एका एका बोटावरून पुसत राहिला.

"नीतू, आज्यानं नाही उपटलं तं तू उपट," खेमराज म्हणाला आणि गेला.

नीतू पुस्तक ठेवून बांधीत उतरली. थोंबाच्या बुडाशी तिने हात घातला. आजा पाहत होता. थोड्या वेळाने तिने हात काढून घेतला.

"तूच उपट, आजा."

"घरी जाय. ढोरं येत असतील."

सकाळी साहेब आले, धुऱ्याधुऱ्याने फिरले, आत शिरून दोन ठिकाणी लोंबा पाहिल्या आणि सही केली. कोपऱ्यात थोंब नव्हता. तिथे पायलीएवढा खड्डा होता आणि खड्ड्यात पाणी जमलं होतं. खेमराजने तो पाहिला आणि निवांत श्वास सोडला.

"समजलं बाप्पा एकदाचं," तो म्हणाला.

कुंजीलाल तलावावर आंघोळीला गेला होता. नीतू त्याचं कोरडं धोतर घेऊन निघाली. धुऱ्यावरच्या गवतावर चिखलाचे थेंब पडले होते, बांधीपासून थेट मरघटीखालच्या, गावच्या स्मशानाखालच्या, काठापर्यंत. त्या काठाला पाण्यात देवधान आपलं आपण उभं असतं, कोणी न पेरता. कुंजीलाल त्यातच कमरेइतक्या पाण्यात उभा होता. हात कोपरापर्यंत काळे.

"कुठं लावलं?"

त्याने हनुवटीने समोर दाखवलं. समोर सगळीकडे तीच लालसर कुसळं हलत होती. नीतू तणसाची दोरी शोधत राहिली.

"गाठ दिसत नाही, आजा."

"सोडली."

पाण्यावर काही दाणे तरंगत होते. काही बुडाले होते. नीतूने धोतर खांद्यावर टाकलं आणि ती काठावर बसली. पुस्तक तिने आणलं नव्हतं.

सुंदरबाई दोन वर्षांमागे, फाल्गुनात, होळीच्या आदल्या दिवशी सकाळी वारली होती. तिला याच मरघटीत नेलं होतं.